खाण पाहिली कुणी?

७ सप्टेंबर २०१२ रोजी न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि त्यातला एक आकडा देशभर गाजला: ३४,९३५ कोटी रुपये. बेकायदा खाणकामामुळे सरकारी तिजोरीला एवढा फटका बसला, असा आयोगाचा अंदाज होता. खाणमालकांना तो मान्य नव्हता, आणि त्यावरचा वाद नंतर वर्षानुवर्षं चालू राहिला. त्याच अहवालातला दुसरा निष्कर्ष मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. कायद्याप्रमाणे लोहखनिजाच्या खाणींची जी तपासणी व्हायला हवी होती ती झालीच नाही, त्यामुळे कुणाला कशाची भीती उरली नाही, आणि त्याची किंमत शेतीने, विहिरींनी, ओढ्यांनी आणि नद्यांनी मोजली, असं आयोगाने नोंदवलं होतं.

गोव्याच्या खाणींचा इतिहास बहुतेक वेळा टनांत आणि परकीय चलनात सांगितला जातो. त्याच इतिहासात खाण बघायला कोण गेलं, काय बघायला गेलं आणि काय न बघता परत आलं, हे शोधलं तर डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतल्या लाल डोंगरांची आजची अवस्था अधिक नीट समजते.

सुरुवात पोर्तुगीज काळात होते. २० सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज हुकूमनाम्याने वसाहतींतल्या खाणींचे नियम घालून दिले. ज्याला खनिज सापडलं त्याने त्याची नोंद करायची आणि पुढे सरकारकडून सवलतपत्र मिळवायचं, अशी ती पद्धत. गोव्यात पहिलं सवलतपत्र १९२९ साली दिलं गेलं. या कागदाची दोन वैशिष्ट्यं पुढच्या सगळ्या घडामोडींना पुरून उरली. पहिलं म्हणजे त्याला मुदत नव्हती. कर भरत राहिलं की हक्क पिढ्यान् पिढ्या चालू. दुसरं म्हणजे एकेका सवलतीचं क्षेत्र लहान होतं, बहुतेक शंभर हेक्टरांच्या आतलं. डोंगराचा एक तुकडा एकाचा, शेजारचा दुसऱ्याचा. कागदावर ही बाब किरकोळ वाटते. पण खाणीतून निघणारी माती टाकायची कुठे, हा प्रश्न याच क्षेत्रफळातून जन्मला आणि तो अजून सुटलेला नाही.

व्यापार उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ मध्ये गोव्यातून लोहखनिजाची पहिली निर्यात झाली, जेमतेम शंभर टनांची. तेव्हाचं काम हाताचं. पहारीने आणि कुदळीने माल सुटा करायचा, ढेकळं निवडायची, घमेल्यांनी वाहायची आणि नदीकाठी आणून टाकायची. मग जपानच्या आणि पश्चिम जर्मनीच्या पोलाद कारखान्यांना खनिज हवं होतं आणि मांडवी-जुवारीच्या पाण्याने खाणीपासून मुरगाव बंदरापर्यंत स्वस्त वाट दिली होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी कंपन्यांशी करार झाले, यंत्रं आली, आणि मुक्तीच्या सुमारास म्हणजे १९६१ मध्ये गोव्याची वार्षिक निर्यात साठ लाख टनांच्या वर गेली होती. चौदा वर्षांत शंभर टनांवरून साठ लाख! इतक्या वेगाने वाढलेल्या धंद्यावर नजर ठेवणारी यंत्रणा त्या वसाहतीत नव्हती, आणि उभारावी अशी राज्यकर्त्यांची इच्छाही नव्हती. भारताच्या आर्थिक नाकेबंदीत सापडलेल्या त्या राजवटीला खनिजाचाच आधार होता.

खाणतपासनीस ही संस्था ब्रिटिश भारतात तोवर जुनी झाली होती. १८९४ मध्ये जेम्स ग्रंडी यांची भारतातले पहिले खाणतपासनीस म्हणून नेमणूक झाली. कोलार आणि खोस्त इथल्या खाणींतल्या अपघातांनी सरकारला हलवलं, १९०१ मध्ये पहिला खाण कायदा आला आणि १९०२ मध्ये कलकत्त्यात खाणतपासणीचं स्वतंत्र कार्यालय उघडलं. १९०८ मध्ये ते धनबादला गेलं. आजचं खाण सुरक्षा महासंचालनालय ते हेच. दुसरी संस्था भारतीय खाण ब्यूरो, १९४८ मध्ये स्थापन झालेली, जिचं मुख्यालय नागपुरात आहे. पहिलीचं काम मजुराचा जीव वाचवणं, दुसरीचं काम खनिज वाया जाऊ न देणं. दोन्ही कामं मोलाची. पण जमीन, पाणी आणि खाणीखालचं गाव यांच्या वतीने खाणीत पाऊल टाकणारा अधिकारी या मूळ रचनेत कुठेच नव्हता.

सुरक्षेचा तपासनीस उघड्या खाणीत काय पाहतो, हे जवळून पाहण्यासारखं आहे. तो आधी पायऱ्या मोजतो. १९६१ च्या धातुखाण विनियमांप्रमाणे माती, मुरूम, चिकणमाती अशा भुसभुशीत थरांत पायरी दीड मीटरपेक्षा उंच नको आणि तिची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. टणक खडकात ही उंची सहा मीटरपर्यंत चालते. यंत्रांनी चालणाऱ्या खाणींना अटी घालून सवलत मिळते. मग तो वरच्या कडेला जातो. तिथे कडेला समांतर भेग गेली आहे का? भेगेत पाणी मुरतंय का? ढिगाऱ्याच्या पायथ्याशी चिऱ्यांची भिंत आहे का, आणि ती सरळ उभी आहे की पोट काढून पुढे आली आहे? ढिगाऱ्याभोवती चर खणला आहे का, त्यातलं पाणी थेट ओहोळात जातं की आधी गाळ बसवायच्या तळ्यात? ते तळं पावसाळ्यापूर्वी उपसलं होतं का? जून उजाडण्याच्या आत या प्रश्नांची उत्तरं मिळवली नाहीत तर नंतर विचारून उपयोग नसतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सह्याद्रीच्या पायथ्याला त्याहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

एक टन खनिज काढायला गोव्यात साधारण अडीच ते तीन टन माती आणि दगड हलवावे लागतात. शंभर हेक्टरांच्या आतल्या पट्ट्यात खड्डाही करायचा, खनिज धुवायचं, साठवायचं आणि तिप्पट मातीही ठेवायची, हे गणित जमणं शक्यच नव्हतं. मग माती पट्ट्याबाहेर जाऊ लागली. शेजारची खासगी जमीन विकत घ्यायची किंवा भाड्याने घ्यायची, आणि तिथे ढिगारा रचायचा. गोव्यात या ढिगाऱ्यांना सगळे ‘डंप’ म्हणतात. खाणीचा आराखडा आणि परवानगी दोन्ही पट्ट्यापुरत्या. डंप मात्र पट्ट्याबाहेर. परिणामी सर्वांत धोकादायक जागा तपासणीच्या कागदावर यायचीच नाही. १९०६ च्या एका हुकूमनाम्यातली क्षेत्रमर्यादा अशी साठ-सत्तर वर्षांनी एखाद्या गावाच्या भातशेतीवर येऊन पडली.

तिथे काय पडतं, हे शेतकऱ्याला विचारावं. डंपातली बारीक लोहयुक्त चिकणमाती पावसात ओहोळात उतरते आणि ओहोळ भरला की शेतात पसरते. वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, वाफ्यात ती थराने साचते, सुकल्यावर कवच धरते, आणि त्याखाली भाताचं मूळ श्वास घेऊ शकत नाही. डिचोली तालुक्यातल्या अडवलपालच्या लोकांनी भर पावसाळ्यात डंपाचा चिखल घरांपर्यंत आलेला पाहिला आहे. शिरगावची तऱ्हा वेगळी. लइराई देवीच्या जत्रेसाठी सगळ्या कोकणपट्टीत माहीत असलेलं हे गाव खाणींनी वेढलं. खाणीचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेला की आत झिरपणारं पाणी पंपांनी अहोरात्र उपसावं लागतं. पंप खाण कोरडी ठेवतात आणि गावच्या विहिरीही. झऱ्यावर जगणाऱ्या कुळागरांचं पाणी गेलं तर सुपारीच्या बागेला काय राहिलं? शिरगावकर उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे तज्ज्ञ संस्था विहिरींची पाहणी करायला आल्या.

कायदा मात्र तोवर पुष्कळ पुढे आला होता. केंद्राचा खाण आणि खनिज कायदा गोव्याला १९६३ मध्ये लागू झाला. खाणीत प्रवेश करून तपासणी करायचा अधिकार त्यात स्पष्ट आहे. १९८७ मध्ये संसदेने जुन्या पोर्तुगीज सवलती रद्द करून त्यांचं खाणपट्ट्यांत रूपांतर केलं. आणि १९८८ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांनी पहिल्यांदा जमिनीचं नाव घेतलं. वरची सुपीक माती वेगळी काढून जपावी, टाकाऊ माती घसरणार नाही अशी रचावी, आणि खोदलेली जमीन टप्प्याटप्प्याने पूर्ववत करावी, असं हे नियम सांगत होते. २००३ मध्ये त्यात खाण बंद करण्याच्या आराखड्याची भर पडली आणि खाणमालकाकडून हमीची रक्कमही घ्यायचं ठरलं. मोठ्या यांत्रिक खाणींसाठी ती वापरात आणलेल्या दर हेक्टरमागे २५,००० रुपये होती, लहान खाणींसाठी १५,०००. शेकडो फूट खोल खड्ड्याचं काम या रकमेत एक दिवसही चाललं नसतं. एखादा खाणमालक जमीन तशीच टाकून निघून गेला, तर सरकारच्या हाती एवढेच पैसे राहणार होते.

नियमात आणि डोंगरात आणखी एक अडचण होती. गोव्याचं लोहखनिज तिरक्या थरांत खोलवर उतरतं. खड्ड्याच्या तळाशी अजून माल शिल्लक असतो. तो असताना खड्डा बुजवला तर खनिज कायमचं गाडलं जातं, आणि खनिज वाया घालवणं हा खाण ब्यूरोच्या लेखी गुन्हाच. म्हणून खड्डा उघडा राहतो, ‘अजून संपलेला नाही’ म्हणून. माती भरायची जागा खाली मोकळी, माती वर ढिगाऱ्यात, आणि दोन्ही तशीच वर्षानुवर्षं. खनिज जपणारा नियम आणि जमीन जपणारा नियम इथे एकमेकांच्या आड येतात. दोघांची मोट बांधायची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी ती कधी गांभीर्याने घेतली नाही, असं या इतिहासावरून म्हणावं लागतं.

तरीही जमीन सावरता येते, याचा पुरावा डिचोली तालुक्यातच आहे. सेसा गोवा ही कंपनी १९५४ साली इटालियन भांडवलातून उभी राहिली. साखळीजवळची तिची खाण अनेक दशकं चालली आणि नव्वदच्या दशकात तिथलं खनिज संपत आलं. झाडं लावायचं काम मात्र खाण चालू असतानाच, ऐंशीच्या दशकात सुरू झालं होतं. हा तपशील महत्त्वाचा आहे. खाण बंद पडल्यावर कंपनीकडे यंत्रं नसतात, माणसं नसतात, आणि उत्साह तर नसतोच. साखळीत ढिगाऱ्यांचे उतार आधी सौम्य केले गेले. उतारावर काथ्याची जाळी अंथरली की पहिल्या पावसात माती वाहून जात नाही आणि रोपाला मूळ धरायला वेळ मिळतो. डंपाची माती म्हणजे खोलातून वर आलेली चिकणमाती. तिच्यात सेंद्रिय द्रव्य नाही, नत्र नाही. अशा जमिनीत तग धरतो तो ऑस्ट्रेलियन अकेशिया, कारण तो हवेतला नत्र मुळांच्या गाठींत बांधतो. काजूही लागतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मत्स्यपालन झालं, बांबू लावला गेला, फुलपाखरांची बाग झाली. सेसा फुटबॉल अकादमी १९९९ मध्ये सुरू झाली ती याच सावरलेल्या जमिनीवर. जिथे डंपर फिरत होते तिथे गोव्यातली मुलं चेंडू खेळली.

साखळीचं कौतुक करताना एक गोष्ट सांगितली पाहिजे. अकेशियाचं रान लांबून हिरवंगार दिसतं, पण त्याचा पालापाचोळा लवकर कुजत नाही आणि त्याखाली स्थानिक झुडपं सहजासहजी येत नाहीत. हेलिकॉप्टरमधून किंवा उपग्रहाच्या चित्रात मोजलं तर ते जंगल ठरतं. तपासनीस पायी चालत गेला, पाचोळा बाजूला सारून बघितलं, तर खाली तीच लाल माती. जमीन खरोखर सावरली का, हे ठरवायला पाचोळ्याखालचं गांडूळ आणि पायथ्याच्या झरीतलं पाणी पाहावं लागतं. त्यासाठी वर्षानुवर्षं परत परत जावं लागतं, आणि आपल्याकडे तपासणी बहुधा एकदाच होते, परवानगीच्या वेळी.

त्यातच २००३ च्या पुढे चीनचा बाजार उघडला. तिथल्या कारखान्यांना कमी प्रतीचं खनिजही चालत होतं. ज्या मातीला गोव्याने तीस-चाळीस वर्षं टाकाऊ मानलं तिच्यात एकाएकी पैसा दिसू लागला. लोहखनिज कशाला म्हणायचं याची किमान मर्यादा खाण ब्यूरोने २००९ मध्ये ५५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आणली. जुने डंप पुन्हा फोडले गेले, त्यांच्यावर उगवलेल्या झाडांसकट. उत्पादनाच्या शिखरावर, २०१०-११ मध्ये, गोव्यातून सुमारे ५.४ कोटी टन खनिज बाहेर गेलं. त्यात कर्नाटकातून आलेला मालही होता. अरुंद गावरस्त्यांवर टिप्परांची रांग तुटत नव्हती, आणि रस्त्याकडेच्या घरांत दारं-खिडक्या दिवसाही बंद ठेवाव्या लागत. भाव चढला की ढिगारा खाण होतो, भाव उतरला की खाण ढिगारा होते. जमीन कधी आणि कुणी पूर्ववत करायची हे बाजारभावावर सोडलं, तर ती वेळ येतच नाही.

एवढी धावपळ चालू असताना राज्याचं खाण खातं, खाण ब्यूरो, प्रदूषण नियंत्रण मंडळ, वन खातं, सगळे जागेवर होते. प्रत्येकाकडे आपापला तुकडा होता. मनोहर पर्रीकर विरोधी पक्षनेते असताना त्यांच्या अध्यक्षतेखालच्या विधानसभेच्या लोकलेखा समितीने २०११ मध्ये बेकायदा खाणींवर अहवाल दिला. पुढच्या वर्षी ते मुख्यमंत्री झाले आणि शहा आयोगाचा अहवाल आल्यावर १० सप्टेंबर २०१२ रोजी त्यांच्याच सरकारने खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही बंदीचा आदेश दिला.

२१ एप्रिल २०१४ रोजी गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल लागला. १९८६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था खाणींविरुद्ध दीर्घकाळ लढत होती. सर्व खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, त्यानंतर काढलेलं खनिज बेकायदा आहे, वर्षाला दोन कोटी टनांपेक्षा जास्त खनिज काढायचं नाही, आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवायची, असं न्यायालयाने सांगितलं. याच निकालात आणखी एक वाक्य होतं, ज्याची चर्चा कमी झाली: पट्ट्याबाहेर माती टाकायला परवानगी नाही. शंभर हेक्टरांच्या मर्यादेतून सुरू झालेली ती पळवाट तिथे बंद झाली, निदान कागदावर. सरकारने पट्ट्यांचं पुन्हा नूतनीकरण केलं. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने अशी ८८ नूतनीकरणं रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या.

थांबलेली खाण आपोआप सुरक्षित होत नाही. खड्ड्यात साठलेलं पाणी काय करू शकतं, हे गोव्याच्या सीमेपलीकडे, सिंधुदुर्गात स्पष्ट दिसलं. गोव्यातला खनिजपट्टा तिथे पुढे सरकतो आणि दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात त्यावर खाण आहे. जुलै २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीत तिथल्या खड्ड्यात साठलेलं पाणी कडा फोडून गावाकडे धावलं. घरांत, बागायतीत, भातशेतीत लाल चिखल. कळणेकरांनी या खाणीला सुरुवातीपासून विरोध केला होता आणि विरोधाच्या कारणांत हेच पाणी होतं. खड्ड्यात किती पाणी साठलं आहे आणि त्याला अडवणारी माती किती रुंद आहे, एवढं मे महिन्यात मोजलं असतं तरी धोका कळला असता. टेप आणि पाण्याची पातळी सांगणारी काठी, याहून महागडं साधन त्याला लागत नाही.

गोव्यात मे २०२२ मध्ये राज्य सरकारने जुन्या ८८ पट्टेधारकांना जागा रिकाम्या करायला सांगितलं आणि त्यासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची मुदत दिली. म्हणजे मृग नक्षत्राच्या तोंडावर. यंत्रं, पंप आणि माणसं निघून गेल्यावर भरत जाणाऱ्या खड्ड्यांकडे पावसाळ्यात कोण पाहणार, हा प्रश्न त्याच दिवसांत खाणपट्ट्यातल्या गावांनी विचारला. डिसेंबर २०२२ मध्ये नवे पट्टे लिलावाने द्यायला सुरुवात झाली. पहिला डिचोलीचा, आणि तो सेसा गोवाचंच पुढचं रूप असलेल्या वेदांत कंपनीने मिळवला. २०२४ मध्ये तिथे काम पुन्हा सुरू झालं. जुने खड्डे आणि जुने डंप नव्या पट्ट्यांच्या आत-बाहेर तसेच उभे आहेत, आणि डंपांतलं खनिज विकायचं धोरण सरकारने दरम्यान आखलं आहे. कोणता डंप कुणी रचला, त्याखालची जमीन कुणाची आणि ती सावरायचा खर्च कुणाच्या नावावर, याचा हिशेब पट्ट्यापट्ट्याने मांडायचं काम आता खाण खात्यासमोर आहे.